पायबंदाचे दुसरे कडे

१

सकाळी मेण वितळेपर्यंत आमच्या घरात फारसे कोणी बोलत नसे. आई उंबऱ्याशी बसून वाती पिळायची, मी कढईखालचा जाळ सांभाळायचो. मेण पुरते पातळ झाले की त्याचा वास बदलतो. आधी मधाचा येतो, मग भिजलेल्या लाकडाचा. हा दुसरा वास आला की मी काठीला टांगलेल्या वाती कढईत बुडवायला लागायचो. बुडवायच्या, उचलायच्या, निवू द्यायच्या, पुन्हा बुडवायच्या. आमच्या चर्चमध्ये जिवंत माणसांच्या नावाच्या मेणबत्त्या वरच्या तबकात लावतात आणि मेलेल्यांच्या खाली, वाळूत. मेणबत्ती तीच असते. कोणती कुठे जाणार हे ती करताना मला कधीच माहीत नसायचे.

त्या उन्हाळ्यात तह झाला. हंगेरीच्या राजाने बायबलची शपथ घेतली, सुलतानाने कुराणाची, आणि दहा वर्षे कोणी कोणाच्या अंगावर जायचे नाही असे ठरले. डॅन्यूबकाठचे आमचे गाव पाच वर्षे तुर्कांकडे होते, ते आमच्या राजाला परत मिळाले. बुरुजावरचे निशाण बदलले. कैदी घरी येऊ लागले.

माझा धाकटा भाऊ दाबिझिव त्यांच्यातच आला. घरात आम्ही त्याला दाबो म्हणायचो. तो परमुलखात मेल्याची बातमी येऊन बराच काळ लोटला होता. मेलेल्या माणसासाठी गोड गहू शिजवून वाटतात, तो आम्ही त्याच्या नावाने केव्हाच वाटून झालो होतो. आणि आता तो धक्क्यावर, नावेच्या फळीवर उभा होता. आई धावत गेली. आंधळ्या माणसाने चाचपावे तसा तिने त्याचा चेहरा चाचपला, मग त्याचे कान धरले आणि म्हणाली, "अरे मेल्या, किती वाट बघायला लावलीस!"

तो हसला. हसणे त्याचेच होते. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, पाय फार दुखतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कढईशी बसलो तेव्हा तो उठून आला आणि माझ्या डाव्या हाताला बसला. अगदी जवळ नाही, लांबही नाही. हातभर अंतरावर. मी सरपण आणायला उठलो, तर तोही उठला.

मला बरेच वाटले. इतक्या वर्षांनी भाऊ आला होता, त्याला माझा सहवास हवा होता. यात काय वावगे?

२

दाबो आणि मी एकाच महिन्यातले. वर्षे वेगळी, पण दोघेही नोव्हेंबरात जन्मलेले. आमच्याकडे अशा भावंडांचे नशीब एकाच साखळीत असते असे मानतात. एक मेला की दुसऱ्याला ओढून नेतो. म्हणून पुरण्याआधी साखळी तोडावी लागते. घोड्याच्या पायात घालतात तो लोखंडी पायबंद आणायचा. त्याचे एक कडे मेलेल्याच्या पायात, दुसरे जिवंत भावाच्या. मग एखाद्या मित्राने पुढे व्हायचे, देवाच्या साक्षीने जिवंत भावाला भाऊ मानायचे आणि त्याच्या पायातले कुलूप उघडायचे. तेव्हापासून मेलेल्याच्या जागी हा मानलेला भाऊ.

दाबो मेल्याची बातमी आली तेव्हा हे सगळे आम्ही केले. देह नव्हता. पेटीत त्याचा सदरा ठेवला, जुने बूट ठेवले आणि उजव्या बुटाभोवती कडे अडकवून कुलूप लावले. दुसरे कडे माझ्या डाव्या पायात घातले. मला सोडवले शेजारच्या रादोन्या लोहाराने. पायबंदही त्याचाच होता.

"देवाच्या साक्षीने तू माझा भाऊ. मी तुला मोकळं करतो," असे तो रीतीप्रमाणे म्हणाला आणि कुलूप उघडताना हळूच पुटपुटला, "आता मेणबत्त्या फुकट द्याव्या लागतील, मेणोबा."

आई रडत असतानाही हसली. पायबंद परत नेतोस का असे विचारल्यावर त्याने हात झटकले. "राहू दे काकू. दिला तो दिला." मग तो तसाच पेटीत गेला. एक कडे बंद, एक उघडे.

दाबो परत आला त्या संध्याकाळी रादोन्या सुरई घेऊन आला होता. दाबोला मिठी मारून तो म्हणाला, "बघ रे बाबा, तुझ्या माघारी तुझी जागा मी चालवली. आता तूच सांभाळ हा नग." सगळे हसले. दाबो हसला नाही. तो रादोन्याच्या हातांकडे बघत होता.

३

हळूहळू ते अंतर माझ्या अंगवळणी पडले, आणि तेच मला खटकू लागले.

मी चालताना डावा पाय टाकला की त्याचा उजवा पडायचा. मी थांबलो की तो थांबायचा. दारातून जाताना आधी मी, मग लगेच तो, किंचित ओढल्यासारखा. जेवताना बाकावर त्याची जागा ठरलेली, माझ्या डावीकडे. मी एकदा मुद्दाम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. तो बोलत होता ते वाक्य अर्धे सोडून उठला, वळसा घालून आला आणि पुन्हा माझ्या डाव्या हाताला बसून ते वाक्य पूर्ण केले. आपण उठलो होतो हे त्याला कळले असेल असे वाटत नव्हते.

मी लहानपणी मठात शिकलो आहे. भीती वाटली की तिचे कारण शोधायचे, ही तिथली शिकवण. कारण सापडलेही. कैद्यांना रस्त्याने नेताना जोडीजोडीने बांधतात. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकलेल्या माणसाची ती सवय अशी पटकन कशी जाईल? त्याच्या उजव्या घोट्याला कड्याचा वण होता, गुळगुळीत आणि केस नसलेला.

एकदा वाती बुडवताना मी सहज विचारले, "तुझ्या जोडीला कोण होता रे?"

"कशात?"

"साखळीत. तुम्हाला जोडीने बांधायचे ना?"

मी थट्टा करतो आहे की काय अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले.

"दादा," तो म्हणाला, "असं काय विचारतोस?"

आणि त्याने पुढच्या वातींची काठी माझ्या हातात दिली. 

आईला यातले काही दिसत नव्हते. तिची काळजी एकच, तो जेवत नाही. बाजरीची भाकरी समोर तशीच राही. मासे केले, आंबवलेल्या कोबीत मटण घालून केले, तो घास फिरवत बसायचा. एकदा शेजारच्या एका म्हातारीच्या नावाने आमच्याकडे गोड गहू आला. आईने वाटी कोनाड्यात ठेवली होती. थोड्या वेळाने बघितले तर वाटी रिकामी, आणि दाबो बोटे चाटत होता.

"खाल्लं गं बाई एकदाचं पोटभर!" आई आनंदाने म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू काय असा बघतोस? गहूच आहे ना?"

४

सप्टेंबरात पलीकडच्या काठाने हंगेरीच्या राजाचे सैन्य गेले.

सकाळी धुके होते, त्यामुळे आधी नुसता आवाज आला. चाकांचा, घोड्यांचा. धुके विरले तेव्हा सगळा काठ गाड्यांनी भरलेला दिसला. नदीच्या प्रवाहाबरोबर, पूर्वेकडे चालले होते. आम्ही सगळे धक्क्यावर येऊन बघत होतो. दाबो माझ्या डावीकडे.

"लग्नाला चाललेत वाटतं," रादोन्या म्हणाला. "नवरा मुलगा कुठाय?"

"अरे, पण शपथ?" मी म्हटले. "दहा वर्षं म्हणाले होते. कैदेत भादरलेले दाबोचे केससुद्धा अजून वाढले नाहीत."

"शपथ मोडलेली नाही म्हणे. मोठ्या धर्मगुरूने राजाला त्या शपथेतून मोकळं केलं. परधर्मीयाला दिलेला शब्द बांधत नसतो, असं काहीतरी." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "मी तुला केलं तसंच की! तो लॅटिनमध्ये बोलला असेल एवढंच."

त्याच वेळी माझ्या डाव्या घोट्याला काहीतरी लागले. दुखले नाही. थंड बोटांनी कोणी घोट्याचे माप घ्यावे तसे गोल वाटले आणि मग एक हलका हिसका. मी खाली पाहिले. फळीवर माझा पाय होता, शेजारी दाबोचा. मधे काही नव्हते.

दाबो नदीकडे बघत होता. गाड्या जिकडे चालल्या होत्या तिकडे त्याने मान वळवली होती, आणि नांगर उचललेल्या नावेसारखा तो तिकडे झुकला होता. मी त्याचा दंड धरला तेव्हा तो सरळ झाला.

"थंडी आहे," मी म्हणालो. स्वतःशीच म्हणालो असेन.

५

त्यानंतर तो विरत चालला. याहून बरा शब्द मला सापडत नाही. बारीक होत नव्हता, आजारी नव्हता. पण आई त्याला हाक मारायची आणि तो कोपऱ्यात बसलेला असूनही तिला क्षणभर दिसायचा नाही. मी मात्र न बघताही सांगू शकायचो. हिसका कुठून येतो ते मला कळायचे. आता तो दिवसातून बरेचदा यायचा, आणि नेहमी पूर्वेकडून.

मग एका दुपारी वाती पिळता पिळता आई म्हणाली, "ओब्राद, तो पायबंद वर काढायचा."

म्हणजे तिलाही दिसत होते.

"आपण साखळी तोडली तेव्हा हा जिवंत होता," ती म्हणाली. "जिवंत माणसाची तोडली. आता त्याला धरायला काही नाही म्हणून तो असा चाललाय. तू पुन्हा कडं घाल. तुझ्यामुळे राहील तो."

"आणि तो जिवंत नसेल तर?"

आईचे हात थांबले नाहीत. "माझ्यासमोर असं बोलू नकोस."

"मग तो मला नेईल, आई. एवढंच विचारतोय."

पीळ देऊन झालेली वात तिने उलगडली आणि पुन्हा पिळायला घेतली.

मी पाद्रीबाबांकडे गेलो. ते म्हातारे होते, दारातल्या अक्रोडाखाली बसून होते. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "हे असलं तोडणं-जोडणं धर्मात नाही. मी तेव्हाही तोंड फिरवून उभा होतो."

"पण उपयोग होतो का?"

"मला काय विचारतोस? तिकडे राजाला मोकळं केलंय, ते तरी धर्मात आहे का?" त्यांनी हातातला सोलायचा अक्रोड खाली ठेवला. "माझ्या मनात एकच येतं बघ. सोडवणारा एका टोकाशी उभा असतो. दुसऱ्या टोकाला विचारतं कोण?"

रादोन्याला सांगितले तेव्हा तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून थांबला.

"मी उघडलेलं कुलूप मी लावणार नाही," तो म्हणाला. "शिव्या दे, वाटल्यास बोलू नकोस माझ्याशी. भाऊ मानलंय मी तुला. चेष्टेत मानलं असेल, पण मानलंय."

६

नोव्हेंबरात देवदूत मिखाएलाच्या सणाला आमच्या घरी जेवण असते. तो आमचा कुळाचा रक्षक. बाकीच्या संतांच्या सणाला गहू शिजवतात, याच्या सणाला नाही, कारण तो कधी मेलेलाच नाही. आईने भाकर केली, मेणबत्ती लावली, वाइन ठेवली. दाबोने ताटाला हात लावला नाही. हवेत गव्हाचा वास शोधत असल्यासारखा तो अधूनमधून मान वर करायचा.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आई, मी आणि रादोन्या दफनभूमीत गेलो. "खणायला येतो, लावायला नाही," असे त्याने आधीच बजावले होते. दाबो माझ्या डावीकडे उभा राहून आपल्याच नावाच्या खांबाकडे बघत होता. त्याला येऊ नको म्हणणे शक्य नव्हते. मी जिथे, तिथे तो.

पेटीची फळी भुसभुशीत झाली होती, फावडे लागताच फुटली. सदरा कुजला होता. बुटांचे चामडे हातात घेताच तुकडे होऊन पडले. तसेच व्हायला हवे होते. माझे कडे, उघडे ठेवलेले, गंजून लाल झाले होते. त्याचे पापुद्रे निघत होते.

दुसरे कडे तसेच कुलूपबंद होते. बाहेरून गंजलेले. रादोन्याने ते उचलून उन्हाकडे धरले आणि बोट आतून फिरवले. मग माझ्याकडे दिले.

आतून ते लखलखत होते. आरशासारखे. कडांची धार पार गेली होती. रोज वापरातले लोखंड असे होते, कातडीवर घासून घासून.

"ओल लागली नसेल आत," मी म्हणालो.

"हो," रादोन्या म्हणाला. "तसंच असेल." तो लोहार होता.

तेव्हा दाबो बोलला. कित्येक दिवसांत तो इतके बोलला नव्हता. रागाने नाही, तक्रार म्हणूनही नाही. लहानपणी अंधारात अंथरुणावर पडल्या पडल्या मला विचारायचा तसे.

"दादा, तुला सोडवलं. मला कुणी सोडवलं?"

आई मातीत गुडघ्यांवर बसली होती. तिने माझ्या हातातले कडे घेतले, आत बोट घातले आणि कितीतरी वेळ ते बोट तिथेच ठेवले. आईला काय कळले ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले. तो जिवंत नाही, हे मला पुन्हा बोलावे लागले नाही.

"तू घालशील का रे?" तिने मला विचारले. आता ती सांगत नव्हती, विचारत होती.

मी दाबोकडे पाहिले. त्याचे कान तेच होते, जे आईने धक्क्यावर धरले होते.

"उद्या सकाळी," मी म्हणालो. "घालीन."

रादोन्याने फावडे टाकले आणि मागे न बघता निघून गेला. आईने माझ्या गालावरची माती पुसली.

"हो म्हणालास," ती म्हणाली. "तेवढं पुरे आहे मला."

७

दुसऱ्या दिवशी आईनेच मला सकाळी चर्चमध्ये पिटाळले. आधी मेणबत्ती लावून ये म्हणाली, मग बघू. मी निघालो. फाटकापाशी पोहोचलो तेव्हा लक्षात आले की माझ्या डावीकडे कोणी नाही.

वळून पाहिले. दाबो अंगणात बाकावर बसला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माझ्यामागे आला नव्हता. आई त्याच्या शेजारी बसून खाली वाकली होती. बुटाची दोरी बांधत असावी असे मला वाटले. मला खरोखर तसेच वाटले. पाय हलके वाटत होते, आणि त्या हलकेपणाच्या नादात मी चालत राहिलो. अर्ध्या वाटेत तो हलकेपणा काय आहे हे माझ्या ध्यानात आले, आणि मी धावत सुटलो.

अंगणात कोणी नव्हते. बाकाखाली पायबंद पडला होता, दोन्ही कडी बंद. दोन्हींना कुलूप.

मी नदीवर गेलो. धुके पाण्यावरून काठावर चढले होते. विलोच्या झाडांपलीकडे, पूर्वेकडे जाणाऱ्या पायवाटेवर, आईचा तपकिरी रुमाल दिसला. ती सावकाश चालत होती. तिचा डावा पाय पडायचा, क्षणभर थांबायचा, जणू कोणाचे पाऊल जुळायची वाट बघतोय, आणि मग उजवा. तिच्या डावीकडे, हातभर अंतरावर, धुके दाट होते. त्यात कोणाची तरी उंची होती. तेवढेच मी सांगू शकतो.

मी हाक मारली. ती थांबली नाही, पण तिने हात मागे करून हलवला. लहानपणी आम्ही तिच्यामागे बाजाराला निघालो की घरी जा म्हणून ती हलवायची, तसा.

मी पळत झाडांपाशी पोहोचलो तेव्हा वाट रिकामी होती. पुढे दोन्ही बाजूंना मोकळे शेत, लपायला जागा नाही. गावातले लोक संध्याकाळपर्यंत शोधत होते. नदीतही गळ टाकले. काही मिळाले नाही.

नोव्हेंबर संपायच्या आत बातमी आली. आई गेली त्याच दिवशी खूप दूर, समुद्राकाठी वार्नाजवळ, लढाई झाली होती. सैन्य कापले गेले. हंगेरीचा राजा पडला. तहाचा कागद सुलतानाने भाल्याच्या टोकाला लावून सैन्यापुढे नेला होता असे लोक सांगत. खरे-खोटे मला माहीत नाही. रादोन्याने ते ऐकले आणि त्याला एकही चेष्टा सुचली नाही.

"म्हणजे त्या टोकाने सोडलंच नव्हतं," एवढेच तो म्हणाला.

पायबंद आता माझ्या मेणाच्या खोलीत खुंटीला आहे. मी त्याला तेल लावत नाही, घासत नाही. ते दुसरे कडे, जे माझे होते, गंजून लाल झालेले, तेही आता आतून उजळत चालले आहे. रोज थोडे. सकाळी मेणाचा वास बदलायच्या आधी मी त्याच्यासमोर उभा राहतो आणि मोठ्याने म्हणतो, देवाच्या साक्षीने मी तुम्हा दोघांना मोकळं करतो. मग गप्प राहून ऐकतो. उत्तर मी द्यायचे नसते.

त्यानंतर चर्चमध्ये जातो. आईच्या नावाची मेणबत्ती वरच्या तबकात लावायची की खाली वाळूत, हे मला अजून ठरवता येत नाही. म्हणून ती हातातच धरून, ती संपेपर्यंत मी उभा राहतो. बोटांवर मेण गळते. डाव्या बाजूला हातभर जागा मी मोकळी सोडतो. सणावाराला चर्च तुडुंब भरते, लोक भिंतीला चिकटून उभे राहतात. तिथे मात्र कोणी येत नाही.